चित्रापूर्वीचे चित्र : बाबुराव पेंटर आणि आजचा संकल्पनाचित्रकार

व्हिडिओ गेमच्या निर्मितीत संकल्पनाचित्रकाराचा व्यवसाय आता रूढ झाला आहे. खेळातील नगरे, वने, वेष, शस्त्रे व पात्रे संगणकावर घडविण्यापूर्वी ती कशी दिसावीत हे तो चित्रे काढून ठरवितो. ही चित्रे मुख्यतः पुढील कारागिरांसाठी असतात. हा व्यवसाय सर्वस्वी नवा व परका आहे, ही समजूत मात्र महाराष्ट्राच्या दृश्यकलेचा इतिहास पाहता ग्राह्य ठरत नाही.

कोल्हापूरचे बाबुराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबुराव पेंटर (१८९०-१९५४), यांनी चित्रकला व शिल्पकला स्वप्रयत्नाने आत्मसात केली आणि बंधू आनंदराव यांच्यासह नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून लौकिक मिळविला. आनंदराव १९१६ साली निवर्तले. दोघांनी आरंभिलेला कॅमेरा बाबुरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ साली पुरा केला. ‘सैरंध्री’ हा त्यांचा मूकपट १९२० साली प्रदर्शित झाला.

चित्रीकरणापूर्वी वेष, पात्रे व त्यांच्या हालचाली यांची तपशीलवार रेखाटने करण्याची बाबुरावांची पद्धत होती. तिचे कारण नेपथ्यातील बदलात शोधावे लागते. रंगविलेल्या सपाट पडद्यांच्या जागी त्यांनी घनाकार नेपथ्य आणले. पडद्यावरील भिंत चित्रकाराच्या हातीच पूर्ण होते. उभारावयाची भिंत सुताराला आधी समजावून द्यावी लागते. अशा रीतीने चित्र हे कलाकृती न राहता आज्ञापत्र बनले. हाच संकल्पनाचित्राचा मूळ धर्म होय.

बाबुरावांचे शिष्य एस. फत्तेलाल यांनी ही परंपरा पुढे नेली. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली व १९३३ साली पुण्यास आलेली ‘प्रभात’ कंपनी. तिचे ते भागीदार व कलादिग्दर्शक. दामल्यांसह त्यांनी ‘संत तुकाराम’ (१९३६) दिग्दर्शितही केला.

व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात जपानी चित्रकार योशिताका अमानो यांचे उदाहरण बोलके आहे. ‘फायनल फँटसी’ (१९८७) या खेळासाठी त्यांनी काढलेली तरल चित्रे त्या काळच्या यंत्रावर मोजक्या ठिपक्यांच्या आकृती होऊन उतरली. पुढे यंत्रे समर्थ झाली. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने घडविलेल्या व २०२० साली प्रकाशित झालेल्या ‘राजी’ या खेळात पहाडी लघुचित्रशैलीचा आधार घेतलेला स्पष्ट दिसतो.

तथापि एक भेद नजरेआड करता येत नाही. बाबुराव स्वतःच्या रेखाटनांचे दिग्दर्शकही होते. आजचा संकल्पनाचित्रकार बहुधा नोकर असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, विरुद्ध करार नसल्यास, नोकरीच्या ओघात केलेल्या चित्राचा प्रथम हक्क मालकाकडे जातो. माळेगाव बुद्रुकसारख्या गावातून शासकीय रेखाकला परीक्षा देऊन या व्यवसायाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यास हे आधीच ठाऊक असणे हिताचे.

इतिहासाभ्यासकाच्या दृष्टीने प्रश्न अधिक गंभीर आहे. बाबुरावांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. ज्या रेखाटनांना तात्पुरते साधन मानले गेले, तीच अशा वेळी साध्याचा पुरावा ठरतात. यंत्र बदलले की खेळही बंद पडतात. म्हणून संकल्पनाचित्रे, त्यांच्या कर्त्यांच्या नावांसह, जतन करणे हे आपल्या अभिलेखागारांचे कर्तव्य ठरते.