कागद काही सांगो, लोखंड काय म्हणते?

शेवरोलेट हे नाव मुंबईला जुने. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला आणि १९५४ पर्यंत तेथे गाड्यांची जुळणी केली. आज मी बोलणार आहे ते मात्र अमेरिकेतल्या शेवरोलेट पिकअपविषयी, १९४७ ते १९५५ या काळातल्या. अशी जुनी गाडी समोर आली की पहिला प्रश्न पडतो, आत इंजिन कोणते?

गाडीचे साल कळले की उत्तर मिळाले, असे वाटते. १९५३ पर्यंत हलक्या पिकअपला २१६ घनइंचांचे सहा सिलिंडरचे इंजिन असे. मोठ्या ट्रकमधले २३५ घनइंचांचे इंजिन १९५४ पासून पिकअपलाही आले. पण दोन्ही एकाच घराण्यातली. जुने झिजले की त्या जागी २३५ बसवण्याची पद्धत पडली. त्या काळी अमेरिकेतल्या काही राज्यांत गाडीची नोंद इंजिनाच्या क्रमांकावर होई. इंजिन बदलले की कागद एक सांगे, गाडी दुसरेच. म्हणून मी साक्ष काढतो ती लोखंडाची.

आधी इंजिनाच्या कुशीचे पत्र्याचे झाकण पाहावे. २१६ मध्ये ते उंच, स्पार्क प्लगच्या भोवती चढलेले असते. १९५४ नंतरच्या २३५ मध्ये प्लगच्या खालीच संपते. मग आकडे वाचावेत. डिस्ट्रिब्युटरजवळ ठोकलेला, खोलगट क्रमांक इंजिनाचा. ब्लॉकवरचे उठावाचे आकडे ओतकामाचे. त्यांत तारीखही सापडते. अक्षर महिन्याचे, ‘ए’ म्हणजे जानेवारी; मग दिवस; शेवटी सालाचा एकच आकडा. ‘सी १५१’ म्हणजे १५ मार्च, पण १९५१ चा की १९६१ चा? तेथे झाकण आणि ओतकामाचा क्रमांक ताडून पाहावा लागतो.

हा नुसता हौसेचा खेळ नव्हे. २१६ मध्ये कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला दाबाने तेल मिळत नाही. रॉडच्या टोकाची पळी ते झेलते. बेअरिंगही बॅबिट या मऊ धातूचे, ओतलेले. १९५४ च्या २३५ मध्ये तेल दाबाने पोचते आणि बेअरिंग बदलता येते. २१६ ला २३५ समजून महामार्गावर तासन्‌तास ताणले, तर बेअरिंग वितळून जाण्याची भीती. तेव्हा आकडे आधी वहीत उतरवून घ्यावेत; सुटे भाग मागवायचे ते त्यानंतर.