दीड व्होल्टची पारख

स्पीकरच्या दोन तारांतली अधिक कुठली आणि उणे कुठली, हे भोपाळच्या आमच्या वसाहतीत आम्ही कारखान्यात शिकलो. भेलच्या, म्हणजे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या, ट्रान्सफॉर्मर चाचणी विभागात माझी नोकरी झाली. करंट ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलांवरच्या खुणा बरोबर आहेत का, हे पाहायला आम्ही साधा बॅटरीचा सेल घ्यायचो. एका गुंडाळीला तो क्षणभर टेकवायचा आणि दुसरीला मधोमध शून्य असलेला गॅल्व्हानोमीटर जोडायचा. काटा टेकवताना उजवीकडे उडाला आणि काढताना डावीकडे, तर खुणा बरोबर. हाच सेल खिशात टाकून संध्याकाळी पिपलानीच्या गणपती मंडपात गेलो, की तिथेही त्याचंच काम असायचं.

१ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला आली. नागपूरच्या जुन्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं फायलींबरोबर इकडे आली. माझे वडील त्यांतलेच. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनी स्थापन झाली. ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजचं तांत्रिक साहाय्य घेऊन १९६० मध्ये कारखाना उत्पादनाला लागला आणि १९७४ मध्ये भेलमध्ये विलीन झाला. गोविंदपुरा, बरखेडा, पिपलानी ही वस्ती त्याभोवतीच वसली. फिटर, वाइंडर, वायरमन सगळे एकाच गल्लीत, त्यामुळे मंडपाचं माइकचं काम बाहेरच्याला द्यायची वेळच यायची नाही.

आजही आपल्या घरात असतो तसा शंकूचा स्पीकर १९२५ मध्ये अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी मांडला. चुंबकाच्या फटीत तारेची छोटी गुंडाळी, तिला चिकटलेला कागदी शंकू. दीड व्होल्टचा सेल टेकवला की शंकू एकदा हलतो. तो बाहेर आला तर सेलचं अधिक टोक जिथे लागलंय ते स्पीकरचं अधिक. आत गेला तर उलट. मात्र ही खूण सगळ्यांनी पाळली नाही. अमेरिकेच्या जेबीएलच्या जुन्या स्पीकरांत लाल टर्मिनलला अधिक दिलं, तर शंकू आत जायचा.

एकच स्पीकर असेल तर तार कशीही जोडा, कानाला फरक पडत नाही. घोळ होतो तो दोन झाल्यावर. एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि तबल्याचा डग्गा नाहीसा होतो. आमच्या मंडपातला एक लाकडी कॉलम स्पीकर असाच पोकळ वाजायचा. आत चार शंकू होते. मागची फळी काढून एकेकाला सेल लावत गेलो. पहिले दोन बाहेर उसळले, तिसरा आत गेला. कोणीतरी शंकू बदलताना तारा फिरवून झाळल्या होत्या. त्या दोन तारा सरळ केल्या, आणि त्या रात्री आरतीला मृदंग मागच्या रांगेपर्यंत पोचला. कर्ण्याचा पडदा दिसत नाही, तिथे कानावर भरवसा ठेवायचा: दोन कर्णे शेजारी ठेवून पुरुषाचा खर्जातला आवाज सोडायचा, एकाच्या तारा उलटून पाहायच्या, आवाज ज्यात भरदार लागेल तो जोड बरोबर.

तारेच्या धातूचा प्रश्न मात्र कानाच्या आधी खिशाचा होता. चांदी तांब्यापेक्षा पाच-सहा टक्के सरस वाहक आहे. दुसऱ्या महायुद्धात तांबं कमी पडलं तेव्हा अमेरिकेनं युरेनियम वेगळं करणाऱ्या चुंबकांच्या गुंडाळ्यांसाठी सरकारी खजिन्यातली सुमारे १३ हजार टन चांदी उसनी काढली होती. आपल्याकडे तांब्याची टंचाई ॲल्युमिनिअमनं भागवली. ते तांब्याच्या ६१ टक्के वाहक, पण वजनाला तिसरा हिस्सा. उंच टॉवरवरच्या तारांना हे वरदानच. घरात मात्र लाकडी पट्ट्यांवरून नेलेली ॲल्युमिनिअमची तार स्क्रूखाली हळूहळू दबते, वर ऑक्साइडचा थर धरते, सांधा तापतो. आमच्या गल्लीत काळे पडलेले स्विचबोर्ड मी पुष्कळ उघडले आहेत. पुढे बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला हिंदुस्तान कॉपरची मोठी उघडी खाण १९८२ मध्ये सुरू झाली. मराठी मुलखाच्या सीमेवर तांबं निघालं याचा आम्हाला फार अभिमान वाटला, पण देशाची गरज तेवढ्यानं भागणारी नव्हती.

स्पीकरला आम्ही तांब्याचीच तार घ्यायचो. दुकानात मागायची ती तेवीस-शहात्तर किंवा चाळीस-शहात्तर: तेवीस किंवा चाळीस तंतू, प्रत्येक ०.००७६ इंच जाड. मंडपापासून ३० मीटरवरच्या आठ ओहमच्या स्पीकरला तेवीस-शहात्तर नेली, तर जाऊन-येऊन दीड ओहम तारेतच जातात, म्हणजे शक्तीचा सहावा हिस्सा तार तापवण्यात. चाळीसवर तो दहाव्यावर येतो. त्याच मापाचं ॲल्युमिनिअम तेवीसमध्ये जवळजवळ पाव हिस्सा खातं. कर्णे लांब असले, की म्हणूनच १०० व्होल्टची लाइन टाकतात: प्रत्येक कर्ण्याला छोटा ट्रान्सफॉर्मर, तारेत करंट थोडा, बारीक तारही चालते. आम्हाला हे समजवावं लागलं नाही. चाचणी विभागात हेच तत्त्व लाखो व्होल्टांत रोज समोर असायचं.

आता तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनिअम तांबं म्हणून विकलं जातं, याचा मला मनापासून राग येतो. मंडळाच्या मुलांना मी सांगतो, एक तंतू ब्लेडनं खरवडा, आत पांढरं दिसलं की बंडल परत करा. लायटरच्या ज्योतीत तांबं लाल होऊन टिकतं, मुलाम्याचं वितळून तुटतं. आणि बंडल हातात घेऊन पाहा: ९० मीटर चाळीस-शहात्तरमध्ये एकेका शिरेचं नुसतं तांबं साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास भरतं, मुलाम्याच्या तारेत साडेतीनशेसुद्धा मुश्किलीनं.