जेरी अलांगिलान : कोंबड्यांना बोलतं करणारा आणि देशाची जुनी कॉमिक्स वाचवणारा फिलिपिनो चित्रकार

समजा, उद्या सकाळी जगातल्या सगळ्या कोंबड्या माणसांसारख्या बोलू लागल्या. त्या विचार करतात, लिहितात, वाचतात. आणि इतकी वर्षं आपण त्यांचं काय केलं, हेही त्यांना आता नीट कळतं. मग पुढे काय होईल?

ऐकून हसू येतं ना? फिलिपिन्समधल्या एका चित्रकाराने याच कल्पनेवर कॉमिक काढलं, आणि ते वाचताना माणूस हसता हसता गप्प होतो. कॉमिकचं नाव ‘एल्मर’ आणि चित्रकाराचं नाव जेरी अलांगिलान.

सुपरमॅन आणि वुल्व्हरिनची कॉमिक्स वाचली असतील, तर त्यांच्या हाताचं काम कदाचित तुमच्याही नजरेखालून गेलं असेल. पण त्यांची खरी ओळख आणखी दोन गोष्टींसाठी आहे. स्वतःची गोष्ट त्यांनी स्वतःच्या बळावर छापली, आणि आपल्या देशाची विसरली गेलेली कॉमिक्स शोधून, साफ करून पुन्हा लोकांसमोर आणली.

आर्किटेक्ट ते कॉमिक्स

अलांगिलान यांचा जन्म २० जानेवारी १९६८ रोजी सान पाब्लो इथे झाला. राजधानी मनिलाच्या दक्षिणेला लागुना प्रांतात हे शहर आहे आणि तिथल्या सात तळ्यांसाठी ते ओळखलं जातं. शिक्षणाने ते आर्किटेक्ट. रीतसर परवानाही मिळवलेला. पण मन लागलं ते कॉमिक्समध्ये.

१९९० च्या दशकात त्यांनी ‘वेस्टेड’ नावाची काळीकुट्ट, हिंसक गोष्ट लिहिली आणि काढली. प्रेयसी सोडून गेल्यावर भान हरपलेला एक तरुण शहरात कसा विध्वंस करत सुटतो, अशी ती कथा. मोठा प्रकाशक पाठीशी नव्हता, म्हणून झेरॉक्स काढलेल्या पानांवरच तिचा प्रवास सुरू झाला. हातोहात फिरत ती वाचकांपर्यंत पोहोचली आणि पुढे तिची पुस्तकंही निघाली. फिलिपिन्समधल्या स्वतंत्र कॉमिक्सच्या चळवळीत ‘वेस्टेड’चं नाव आजही घेतलं जातं.

तिथे ‘कोमिक्स’ का म्हणतात?

फिलिपिन्समध्ये या प्रकाराला ‘कोमिक्स’ म्हणतात, आणि ते स्थानिक पद्धतीने ‘क’च्या अक्षराने लिहितात. हा फरक नुसत्या स्पेलिंगचा नाही. तिथे या माध्यमाला स्वतःचा मोठा इतिहास आहे.

१९२९ मध्ये ‘लिवायवाय’ साप्ताहिकात ‘केनकॉय’ ही चित्रमालिका सुरू झाली. टोनी वेलास्केझ यांनी काढलेला हा फॅशनेबल तरुण देशभर गाजला. दुसऱ्या महायुद्धानंतर कोमिक्सच्या मासिकांची लाटच आली. १९५० मध्ये मार्स रावेलो यांची ‘दारना’ अवतरली. ती तिथली सर्वात लाडकी सुपरहिरो ठरली. गाजलेल्या मालिकांवर लगोलग सिनेमे निघत.

मासिकं स्वस्त कागदावर छापली जात. विकत घेणं परवडत नसेल, तर लोक रस्त्यावरच्या स्टॉलवर ती भाड्याने घेऊन तिथेच बसून वाचत. एकेक अंक अनेकांच्या हातांतून जाई.

पण या लोकप्रियतेची दुसरी बाजूही होती. स्वस्त कागद लवकर पिवळा पडतो, मोडतो. वाचून झालेला अंक रद्दीत जायचा. मूळ चित्रं जपून ठेवावीत, असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. १९७० च्या दशकात टोनी डेझुनिगा, अल्फ्रेडो अल्काला, नेस्टर रेडोंडो, अलेक्स निनो असे अव्वल चित्रकार अमेरिकन कंपन्यांसाठी काम करू लागले. पुढे टीव्ही आणि इतर करमणूक आली, तसा देशातला धंदाही आटत गेला. अलांगिलान यांची पिढी या क्षेत्रात आली, तेव्हा हे सोनेरी दिवस सरत आले होते.

इंकर म्हणजे नेमकं कोण?

अमेरिकन कॉमिक्स बहुधा एकट्याने तयार होत नाहीत. लेखक गोष्ट लिहितो, पेन्सिलर पेन्सिलने चित्र काढतो, इंकर त्यावर शाईने काम करतो, मग रंग भरले जातात आणि अक्षरं बसवली जातात.

इंकर फक्त गिरवतो, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. पेन्सिलची रेघ पुसट असते, एकाच जागी तीन-चार रेघा असतात. त्यातली कुठली ठेवायची, कुठे ती जाड करायची, सावली किती गडद हवी, हे इंकर ठरवतो. चित्राला वजन येतं ते या टप्प्यावर. इंकर कच्चा असेल, तर उत्तम चित्रही सपाट दिसतं.

१९९० च्या दशकात, अमेरिकेत नाव कमावलेले फिलिपिनो वंशाचे चित्रकार व्हिल्स पोर्टासिओ यांनी फिलिपिन्समधल्या तरुणांना हाताशी धरलं. अलांगिलान त्यांच्यासोबत ‘वेटवर्क्स’ आणि ‘स्टोन’सारख्या मालिकांवर काम करू लागले. तिथून जोडी जमली ती लेइनिल फ्रान्सिस यू या फिलिपिनो चित्रकाराशी. यू पेन्सिलने काढणार आणि अलांगिलान शाई करणार, असं हे काम अनेक वर्षं चाललं. मार्व्हलसाठी ‘वुल्व्हरिन’ झालं. डीसीसाठी २००३-०४ मध्ये ‘सुपरमॅन : बर्थराइट’ ही बारा अंकांची मालिका झाली. सुपरमॅनच्या जन्माची आणि तरुणपणाची गोष्ट नव्याने सांगणारी ही मालिका मार्क वेड यांनी लिहिली होती.

या काळातही अलांगिलान यांनी सान पाब्लो सोडलं नाही. पोट अमेरिकन कामावर चालत होतं, पण घर आणि डोक्यातल्या गोष्टी तिथल्याच होत्या.

‘एल्मर’ : विनोदी कल्पना, गंभीर गोष्ट

२००६ ते २००८ या काळात त्यांनी ‘एल्मर’ चार अंकांत स्वतः प्रकाशित केलं. लेखन, पेन्सिल, शाई सगळं त्यांचंच. चित्रं काळी-पांढरी, भाषा इंग्रजी.

गोष्टीत कोंबड्यांना अचानक बुद्धी आणि वाचा येते. सुरुवातीला गोंधळ उडतो, कत्तली होतात, सूड घेतला जातो. शेवटी कोंबड्यांना कायद्याने माणसाचा दर्जा मिळतो. ही सगळी उलथापालथ पाहिलेली पिढी आता म्हातारी झाली आहे. जेक गॅलो हा तरुण कोंबडा मात्र नंतर जन्मलेला. नोकरी नाही, डोक्यात राग, आणि जग आपल्याला अजूनही कमी लेखतं ही सल कायम. वडील एल्मर आजारी पडतात म्हणून तो गावी येतो. वडील जातात आणि मागे त्यांची डायरी राहते. ती वाचताना जेकला कळतं की आपल्या आईवडिलांनी काय भोगलं, आणि बेन नावाच्या एका शेतकऱ्याने त्यांना कसा आसरा दिला.

इथे वाचक हसायचा थांबतो. कारण ही गोष्ट कोंबड्यांची राहत नाही. ज्यांना कधीकाळी माणूस मानलं गेलं नाही, त्यांच्या मुलांनी तो राग किती काळ जपायचा? ज्याने वाचवलं त्याची आठवण ठेवायची, की ज्यांनी मारलं त्यांची? कायदा बदलला म्हणजे मनं बदलतात का? अलांगिलान याची सोपी उत्तरं देत नाहीत.

हे पुस्तक ज्या देशात निघालं, तिथे कोंबड्यांची झुंज हा मोठा लोकप्रिय खेळ आहे आणि कोंबडी हे रोजचं जेवण. त्यामुळे तिथल्या वाचकाला ही कल्पना आणखी जवळून टोचते.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या एसएलजी पब्लिशिंगने ‘एल्मर’ एकत्रित स्वरूपात छापलं. २०११ मध्ये नव्या ग्राफिक अल्बमच्या गटात त्याला आइस्नर पुरस्काराचं नामांकन मिळालं. कॉमिक्सच्या जगात हा पुरस्कार फार मानाचा. पुरस्कार मिळाला नाही, पण स्वतःच्या बळावर छापलेलं कॉमिक तिथवर पोहोचलं. त्याच वर्षी फ्रेंच आवृत्तीला फ्रान्समधल्या सँ-मालो इथल्या कॉमिक्स महोत्सवात पारितोषिक मिळालं.

जुनी पानं वाचवण्याचा ध्यास

‘एल्मर’मध्ये जेक वडिलांची डायरी वाचतो. अलांगिलान स्वतःही असंच काहीसं करत होते. आपल्या आधीच्या चित्रकारांनी काय करून ठेवलंय, ते शोधून वाचत होते.

जुने अंक ते जमवत. पानं स्कॅन करत. फिलिपिनो कोमिक्स कलेचं एक संग्रहालय त्यांनी इंटरनेटवर उभं केलं, म्हणजे कुणालाही घरबसल्या ही चित्रं पाहता यावीत. सान पाब्लोमध्ये त्यांनी कोमिक्सचं प्रत्यक्ष संग्रहालयही सुरू केलं. शहरातल्या चित्रकारांना एकत्र आणणाऱ्या ‘कोमिकेरो’ गटाच्या मागेही तेच होते.

त्यांचं सर्वात मोठं काम म्हणजे फ्रान्सिस्को कोचिंग यांच्या ‘एल इंडिओ’चं पुनरुज्जीवन. कोचिंग लिहायचेही आणि काढायचेही. फिलिपिनो कोमिक्समधले ते सर्वात मोठ्या चित्रकारांपैकी एक. १९५३ च्या सुमारास मासिकातून क्रमशः आलेली ही मालिका नव्या पिढीला पाहायलाही मिळत नव्हती. अलांगिलान यांनी पानं दुरुस्त केली आणि २००९ मध्ये ती पुस्तकरूपात आली.

अशी दुरुस्ती म्हणजे चिकाटीचं काम. कागदाचा पिवळेपणा काढायचा, डाग पुसायचे, पण मूळ रेघेला धक्का लागू द्यायचा नाही. तुटलेली रेघ जोडायची, तीही कोचिंग यांनी काढली असती तशी. इथे त्यांचा इंकरचा हात कामी आला. आयुष्यभर दुसऱ्याची रेघ समजून घेऊन ती पक्की करणं, हेच तर त्यांनी केलं होतं.

कोचिंग १९९८ मध्ये वारले होते. २०१४ मध्ये फिलिपिन्स सरकारने त्यांना मरणोत्तर ‘राष्ट्रीय कलावंत’ हा देशातला कलेचा सर्वोच्च सन्मान दिला.

अकाली निरोप

अलांगिलान नंतरही लिहीत राहिले. ‘रॉडस्की पटोत्स्की’ त्यांनी लिहिलं आणि अर्नोल्ड आरे यांनी काढलं. २१ डिसेंबर २०१९ रोजी, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

एखादी कला लोकप्रिय आहे म्हणून ती आपोआप टिकत नाही. घराघरात वाचली गेलेली मासिकंसुद्धा दोन पिढ्यांत नाहीशी होऊ शकतात. त्यासाठी कुणीतरी रद्दीत हात घालावा लागतो. फिलिपिन्समध्ये ते काम करणाऱ्यांत जेरी अलांगिलान पुढे होते.

पुढच्या वेळी एखादं कॉमिक हातात घ्याल, तेव्हा लेखक आणि चित्रकाराच्या नावाखाली छापलेलं इंकरचं नावही वाचा.