शर्करेची शुगर

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना सुरुवातीलाच अडवणारे जे थोडे शब्द आहेत, त्यांत ‘शुगर’ हा एक. लिहायचा ‘स’ आणि म्हणायचा ‘श’! आमच्या ओळखीतल्या काही संस्कृताभिमानी मंडळींना ह्याचा फार आनंद वाटतो. शर्करेतला ‘श’ साहेबाच्या लेखणीने गमावला, पण जिभेने जपला, असे ते म्हणतात. तर्क गोड आहे. पण खरा नाही. इंग्रजीत हा शब्द आला तो ‘स’ घेऊनच. पुढे तिथल्या उच्चारांत ‘स्यु’चा ‘शु’ झाला; ‘शुअर’ ह्या शब्दाचे हेच झाले. तो ‘श’ अस्सल विलायती आहे.

शब्द मात्र आपला, ह्यात शंका नाही. त्याचा मूळ अर्थ सांगितला तर फराळाला बसलेली मंडळी दचकतील. शर्करा म्हणजे खडे, रेती, मुरूम. अग्न्याधानात वेदीवर जे पदार्थ घालीत त्यांत वाळू होती आणि शर्कराही होती. ती लाडवातली नव्हे, पायाला टोचणारी! पुढे उसाचा रस आटवता आटवता त्याचे दाणे पाडण्याची विद्या साधली, तेव्हा त्या दाण्यांना दुसरे काय म्हणणार? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यण्डिका, खंड आणि शर्करा अशी नावे एका ओळीत येतात. काकवीपासून दाण्यापर्यंतचे सारे कुटुंबच ते. त्यातली मत्स्यण्डिका म्हणजे माशाच्या अंड्यांसारखी दिसणारी. नावे ठेवणारा माणूस कढईजवळ उभा राहून नीट पाहत होता, एवढे नक्की.

रोमचा प्लिनी पहिल्या शतकात ह्या वस्तूविषयी लिहितो, की हा बोरूतून मिळणारा मध आहे, मोठ्यात मोठा खडा हेझलनटाएवढा, दाताखाली कुरकुरतो, आणि उपयोग फक्त औषधाला. दाताखालची ती कुरकुर म्हणजे शर्करेचा मूळ अर्थच की! आपल्या खडीसाखरेत तर कानाला खडी दोनदा ऐकू येते, एकदा उघड आणि एकदा साखरेच्या पोटात.

प्राकृतात शर्करेची ‘सक्करा’ झाली आणि तिची आपण साखर केली. इराणने ‘शकर’ म्हटले, अरबांनी ‘सुक्कर’. अरबांबरोबर ऊस भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने स्पेनपर्यंत गेला; तिथल्या लोकांनी अरबी ‘अल्’ ह्या उपपदासकट शब्द उचलला, म्हणून त्यांची साखर ‘आसूकार’. फ्रेंचांचा ‘स्युक्र’ झाला आणि त्यांच्याकडून तो इंग्रजांना मिळाला. १२२६ साली राजा तिसरा हेन्री विंचेस्टरच्या मेयरला तीन पौंड साखर मिळवायला सांगतो, तीही ‘एवढी मिळाली तर’ अशा बेताने. तीन पौंडांत आपल्या घरचा एक घाणा तरी पुरता निघेल का, हे गृहिणींनीच सांगावे.

‘कँडी’ म्हणजे आपली खंड, फारसी-अरबीच्या वाटेने गेलेली. आणि गुळाला इंग्रज ‘जॅगरी’ म्हणतो, ती पुन्हा शर्कराच! मलबारच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी ‘चक्कर’ ऐकले, त्याचे ‘जाग्रा’ केले आणि इंग्रजांच्या हाती दिले. एकच बाई एका घरात दोन दारांनी आली. एकीला शुगर म्हणाले, दुसरीला जॅगरी, आणि दोघी एकच हे कुणाच्या ध्यानातही आले नाही.

इथवर सारे गमतीचे. पण औषधाची पुडी चहाच्या टेबलावर आली ती वेस्ट इंडीजच्या मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या घामावर. १७९१ साली विल्यम फॉक्सने एक पत्रक काढून इंग्रज कुटुंबांना ही साखर सोडायला सांगितले. ती सोडणाऱ्यांची संख्या थॉमस क्लार्कसनच्या अंदाजाने तीन लाखांच्या घरात होती. घरात साखर आणायची की नाही हे बायका ठरवीत. ज्यांना मताचा अधिकार नव्हता, त्यांनी साखरदाणीवर मत दिले. पुढे तर ‘ही ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी केलेली नव्हे’ अशा अर्थाची अक्षरे रंगवलेल्या साखरदाण्या निघाल्या. हिंदुस्थानची साखर निष्पाप, असा त्याचा भाव. गुलामी इथेही होती, आणि कंपनीच्या मुलखात तिला कायद्याचा आधार नाही हे ठरायला १८४३ साल उजाडावे लागले, ही गोष्ट साखरदाणीवर कोण लिहिणार?

ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने उठू लागली आणि त्याच वर्षी मॉरिशसच्या उसासाठी करारबंद हिंदी मजूर जहाजांत भरले जाऊ लागले. त्यांत पुढे मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली माणसेही होती. त्यांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणवतात. शब्द गेला होता व्यापाऱ्याच्या गोणीतून. माणसे गेली अंगठा उठवून.

आणि आता तो शब्द घरी परत आला आहे. तोंडात पडते ती अजून साखरच. पण ‘त्यांना शुगर आहे’ म्हटले, की यजमानीण मुकाट्याने ताटातली करंजी उचलून चकली वाढते. शब्दाला हे आजारपण नवे नाही. सुश्रुताने मूत्राशयातल्या बारीक खड्यांनाही शर्कराच म्हटले आहे.