गोळी टोकदार झाली, पण तिला फिरावं लागलं

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात शिरढोण येतं. वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. जन्म 1845, पुढे पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी, 1879 मध्ये बंड. हे आपण शाळेत शिकलोय. आज बोलूया त्यांच्या हयातीत बदललेल्या एका वस्तूबद्दल. बंदुकीची गोळी.

फडके जन्मले तेव्हा कंपनीच्या बहुतेक शिपायांकडे गुळगुळीत नळीची बंदूक होती. नळी सुमारे 19 मिलिमीटरची, शिशाची गोल गोळी साधारण साडेसतराची. ती आत आपटत बाहेर पडायची आणि शेवटचा धक्का बसेल तशी वळायची. शंभरेक मीटरपलीकडे एका माणसावर धरलेला नेम म्हणजे नशीबच.

मग गोळी टोकदार करायची ना? इथेच गंमत आहे. नुसती टोकदार गोळी जास्त अस्थिर असते. तिचं वजन मागच्या जाड भागात, हवेचा जोर मात्र नाकाजवळ. त्यामुळे ती कोलांट्या खाते. बाणाला मागे पिसं असतात, गोळीला नाहीत. म्हणून तिला भोवऱ्यासारखं फिरवायचं. त्यासाठी नळीत आतून पिळदार खाचा.

1853 च्या एनफिल्डमध्ये खाचांचा एक पूर्ण फेरा 78 इंचांत व्हायचा आणि नळी होती 39 इंच. म्हणजे नळीत अर्धाच फेरा; पण वेग सेकंदाला 270 मीटरच्या आसपास, त्यामुळे बाहेर पडताना गोळी सेकंदाला सुमारे 135 फेरे घ्यायची. 1871 च्या मार्टिनी-हेन्रीची गोळी बारीक आणि अंगाने लांबट. तिला फेरा 22 इंचांतच लागला. जाडीच्या मानाने गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट.

किती घट्ट? याचं सूत्र वूलिचचे गणिताचे प्राध्यापक जॉर्ज ग्रीनहिल यांनी मांडलं. 150 गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले लांबी, सगळं इंचांत. माझ्यासारख्याला कोडची एक ओळ. साल 1879. हो, बंडाचंच.

आता हे शेजारी ठेवून बघा. पुण्याजवळ खडकीत 1869 पासून सरकारचा दारूगोळ्याचा कारखाना. 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला साधी बंदूक बाळगायलाही परवाना लागू लागला, युरोपियनांना मात्र सूट. फडके गोळीने पडले नाहीत. 20 जुलै 1879 ला आजारी असताना, झोपेत पकडले गेले आणि 17 फेब्रुवारी 1883 ला एडनच्या कैदेत वारले. बंड का फसलं याची कारणं सांगताना माणसं, पैसा, फितुरी हे सगळं येतं. त्यात नळीतला हा पीळही धरायला हवा. तो कुणाच्या हातात असावा, हे कायद्याने आधीच ठरवून टाकलं होतं.

भेटू पुढच्या भागात.