पिटापासून माइकपर्यंत : गोरेगाव-मालाड पट्ट्यातील ध्वनिमुद्रण आणि मराठी रंगभूमी

संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळात वादक हे प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर असत. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यानंतर रूढ झालेली पद्धत गंधर्व नाटक मंडळीने (स्थापना १९१३) वैभवाला नेली, आणि रंगमंचाच्या पुढच्या खोलगट जागेत, म्हणजे पिटात, ऑर्गन, सारंगी आणि तबला घेऊन बसलेल्या साथीदारांत अहमदजान तिरखवाँसारखा कलावंत असे, ज्याचा ठेका ऐकण्यासाठीही रसिक येत. पडदे रंगवणारे, ते ओढणारे, विंगेतून संवाद सांगणारे प्रॉम्प्टर आणि रंगभूषाकार मात्र प्रेक्षकांना कधी दिसत नसत. ललितकलादर्श मंडळीने १९२२ मध्ये मामा वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ करताना पु. श्री. काळे यांच्याकरवी बॉक्स सेट, म्हणजे चौकटीवर कापड ताणून केलेल्या फ्लॅटांच्या तीन भिंतींची खोली, उभी केली तेव्हा या अदृश्य वर्गाचे काम एकदम वाढले, कारण गुंडाळी पडदा खाली सोडणे वेगळे आणि दोन अंकांमधल्या मोजक्या वेळात अख्खी खोली जोडून उभी करणे वेगळे. दृश्य वादक आणि अदृश्य कारागीर ही विभागणी बोलपटाने मोडली, आणि ते ज्या ठिकाणी घडले त्यांत मुंबईच्या पश्चिम उपनगरातील मालाड आणि गोरेगाव या शेजारच्या दोन गावांना महत्त्वाचे स्थान आहे.

‘आलम आरा’ (१४ मार्च १९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाचे बरेच चित्रीकरण रात्री करावे लागले, कारण स्टुडिओजवळून जाणाऱ्या आगगाड्यांचा खडखडाट दिवसा माइकमध्ये शिरत असे. गाणी त्या वेळी अभिनयाबरोबरच मुद्रित होत, त्यामुळे नट स्वतः गाई आणि वादकांना कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर किंवा सेटवरच्या एखाद्या वस्तूआड बसवावे लागे. नाटकातील मंडळी या नव्या धंद्यात सहज शिरली. ‘मानापमान’च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे यांनीच प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ला (१९३२) संगीत दिले आणि त्यात भूमिकाही केली. फरक एवढाच की पिटातला वादक आता झाडामागे गेला होता.

शांतता हा या व्यवसायाचा कच्चा माल होता, आणि तो शहरात मिळेनासा झाला होता. हिमांशु राय आणि देविकाराणी यांनी १९३४ मध्ये बॉम्बे टॉकीज ही चित्रपट कंपनी मालाडला काढली, यामागे मोकळी जमीन, उपनगरी रेल्वेची सोय आणि वस्तीपासूनचे अंतर ही कारणे असावीत असे मानायला जागा आहे. जर्मन तंत्रज्ञांच्या हाताखाली तेथे तयार झालेल्या भारतीयांपैकी शशधर मुखर्जी हे भौतिकशास्त्राचे पदवीधर होते आणि त्यांची सुरुवात ध्वनिमुद्रण विभागात झाली होती. पुढे मातबर निर्माता झालेल्या या माणसाच्या कारकिर्दीचा पाया कथेत किंवा भांडवलात नसून आवाज पकडण्याच्या कौशल्यात होता, ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासात जितकी नोंदली जायला हवी तितकी नोंदली गेलेली नाही. हिमांशु राय यांच्या निधनानंतर (१९४०) कंपनीत फूट पडली आणि मुखर्जी, अशोककुमार, ज्ञान मुखर्जी व रायबहादूर चुनीलाल यांनी १९४३ मध्ये गोरेगावात फिल्मिस्तान स्टुडिओची स्थापना केली.

तोपर्यंत पार्श्वगायन, म्हणजे गाणे आधी मुद्रित करून नंतर त्यावर नटाने ओठ हलवण्याची पद्धत, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ मध्ये आणून रुळवली होती. तरीही मुद्रणाचा क्षण जिवंत मैफलीसारखाच राहिला. गायक आणि सारे वादक एका दालनात एकाच वेळी गात-वाजवत, आणि ध्वनी प्रकाशाच्या रूपात फिल्मवर उतरत असल्यामुळे ती प्रयोगशाळेत धुऊन आल्याशिवाय टेक कसा झाला हे नीट कळत नसे. आवाजांचा तोल बटणांनी नव्हे तर माणसांच्या जागा बदलून साधला जाई : गायिका माइकजवळ, तबला दूर, पितळी वाद्ये त्याहून मागे. रेकॉर्डिस्टचे हे काम नेपथ्यकाराच्या कामाशी फार जवळचे होते, कारण दोघेही जागेची मांडणी करून परिणाम घडवत. फिल्मिस्तानच्या ‘शहनाई’ (१९४७) आणि ‘अनारकली’ (१९५३) या चित्रपटांचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, यांच्या ताफ्यात गोव्याचे चिक चॉकलेट यांच्यासारखे वादक होते. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेल्या अशा गोमंतकीय वादकांमुळे मोठा वाद्यवृंद कागदावरून वाजवता येऊ लागला, पण श्रेयनामावलीत त्यांतल्या बहुतेकांना जागा मिळाली नाही.

फिल्मिस्तानच्या ‘शहीद’ (१९४८) या चित्रपटासाठी संगीतकार गुलाम हैदर यांनी तरुण लता मंगेशकरांचे नाव सुचवले असता मुखर्जींनी तो आवाज फार पातळ ठरवून नाकारला. त्यानंतर गुलाम हैदर आणि लताबाई मालाडला निघाले असताना गोरेगाव स्थानकाच्या फलाटावर गाडीची वाट पाहत गुलाम हैदर यांनी सिगारेटच्या डब्यावर ठेका धरून लताबाईंकडून एक चाल म्हणून घेतली, असे सांगितले जाते, आणि ती बॉम्बे टॉकीजच्या ‘मजबूर’मध्ये (१९४८) आली. ज्याचे कान ध्वनिमुद्रणात घडले होते त्यानेच हा आवाज नाकारावा, याचा अर्थ त्याची पारख कच्ची होती असा नव्हे. भारदस्त, नाटकी पट्टीच्या आवाजांसाठी जमवलेल्या कानांना माइकच्या अगदी जवळून गाणारा बारीक आवाज अपुरा वाटणे स्वाभाविक होते, आणि तंत्र बदलले तसा त्या कानांचा निकषही कालबाह्य झाला. पुढच्याच वर्षी मालाडच्या ‘महल’मध्ये दुरून जवळ येणाऱ्या गाण्याचा परिणाम हवा होता तेव्हा माइक दालनाच्या मध्यभागी ठेवून लताबाईंना कोपऱ्यातून गात चालत यायला सांगण्यात आले. यंत्राने नव्हे, पावलांनी साधलेली ही करामत थेट रंगमंचावरच्या प्रवेशाच्या जातीची होती. रेकॉर्डवर मात्र गायिका म्हणून छापले गेले ते कथेतल्या पात्राचे, ‘कामिनी’चे, नाव.

पन्नाशीच्या दशकात चुंबकीय फीत रूढ झाली आणि मुद्रण तत्काळ ऐकण्याची, पुसून पुन्हा करण्याची सोय आली. चित्रपटाहून अधिक मोलाचा तिचा उपयोग रंगभूमीला झाला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटेच मावत असल्यामुळे वन्समोअर घेत पंधरा-वीस मिनिटे रंगणारे नाट्यपद तिच्यावर सांगाड्यासारखे उरे. प्रयोगात ते प्रत्यक्षात कसे फुलत असे हे टिकवायचे तर चालू नाटकाचेच मुद्रण करायला हवे होते. गिरगावच्या मुंबई मराठी साहित्य संघाशी दीर्घकाळ निगडित असलेले आणि तिसरी घंटा ठरल्या वेळी देण्याबद्दल ख्यात असलेले ललितकलादर्शचे भालचंद्र पेंढारकर (१९२१–२०१५) यांनी स्वतः गायक-नट असूनही हे काम अंगावर घेतले आणि अनेक जुन्या नाटकांचे ध्वनिमुद्रण करून ठेवले. स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट ज्या खोकल्याला आणि खुर्चीच्या कुरकुरीला वैरी मानतो, ते सारे असल्या फितींत दादेसकट उतरते, आणि नाट्यसंगीताच्या अभ्यासकाला तेच हवे असते, कारण गायकाने तान कुठे वाढवली याचे उत्तर बहुधा प्रेक्षागृहात सापडते.

फितीचा दुसरा परिणाम कमी सुखाचा झाला. पार्श्वसंगीत आधीच मुद्रित करून विंगेतून वाजवता येऊ लागल्यावर गद्य नाटकांतून साथीदार हळूहळू गेले आणि संवादावर कान ठेवून योग्य क्षणी ध्वनी सोडणारा संगीत-संयोजक त्यांच्या जागी आला. गोरेगावात चित्रपट आणि नाटक हे दोन्ही प्रवाह आजही शेजारी नांदतात. पूर्वेला आरे वसाहतीला लागून १९७७ मध्ये राज्य शासनाने पाचशेहून अधिक एकरांवर उभारलेली चित्रनगरी आहे, जिथे सुतार, रंगारी आणि विद्युत् कामगार दिवसपाळी-रात्रपाळीने गावे, वाडे आणि न्यायालये उभी करतात आणि मोडतात. पश्चिमेला समाजवादी कार्यकर्ते केशव गोरे यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या स्मारकाच्या लहानशा सभागृहात प्रायोगिक नाटकांचे प्रयोग होतात. एवढ्या छोट्या जागेत ध्वनी सोडणारा माणूस प्रेक्षकांपासून लपू शकत नाही.