सूर्यमालेचे प्रमाण आणि माप : पृथ्वी-सूर्य अंतराच्या शोधाचा इतिहास

प्रास्ताविक

सूर्यमालेविषयीच्या मानवी ज्ञानाचा इतिहास सामान्यतः भूकेंद्री मताकडून सूर्यकेंद्री मताकडे झालेल्या वाटचालीच्या रूपात सांगितला जातो. टॉलेमी, कोपर्निकस, गॅलिलिओ, केप्लर आणि न्यूटन ही नावे क्रमाने येतात, चर्चशी झालेला संघर्ष मध्यभागी असतो आणि १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’बरोबर ही कथा बहुधा संपते. ही मांडणी चुकीची नाही. मात्र तिच्यात एक प्रश्न झाकला जातो. ग्रहांची रचना कशी आहे हे समजले, तरी ती रचना किती मोठी आहे हे त्यावरून समजत नाही.

कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथात ग्रहांच्या अंतरांची परस्पर प्रमाणे बऱ्याच अंशी बरोबर आहेत. पृथ्वी-सूर्य अंतर एक मानल्यास बुधाचे अंतर सुमारे ०.३८ आणि शनीचे ९ हून थोडे अधिक, असे त्यावरून निघते. परंतु ते ‘एक’ म्हणजे किती, याचे त्याने दिलेले उत्तर टॉलेमीच्या परंपरेतीलच होते. टॉलेमीने सूर्याचे मध्यम अंतर १२१० पृथ्वीत्रिज्या मानले होते, कोपर्निकसने ११४२ मानले. प्रत्यक्षात ते सुमारे २३,५०० पृथ्वीत्रिज्या आहे. ज्याने विश्वाचे केंद्र बदलले, त्याच्या हाती मोजपट्टी मात्र जुनीच राहिली.

सिद्धान्तग्रंथांतील कक्षामाने

या संदर्भात भारतीय सिद्धान्तग्रंथांतील आकडे विशेष बोलके आहेत. ‘सूर्यसिद्धान्ता’त पृथ्वीचा व्यास १६०० योजने, चंद्राची कक्षा ३,२४,००० योजने आणि सूर्याची कक्षा ४३,३१,५०० योजने दिली आहे. योजनाच्या लांबीविषयीचा जुना वाद येथे टाळता येतो, कारण पृथ्वीचा व्यासही त्याच मापात दिलेला आहे. कक्षेवरून त्रिज्या काढल्यास चंद्राचे अंतर सुमारे ६४ पृथ्वीत्रिज्या येते. आधुनिक मान सुमारे ६० आहे. म्हणजे हे अनुमान निश्चितच कौतुकास्पद आहे. सूर्याचे अंतर मात्र सुमारे ८६० पृथ्वीत्रिज्या येते, म्हणजे वास्तवाच्या सुमारे सत्ताविसाव्या हिश्शाइतके.

एकाच ग्रंथात एक मान इतके जवळ आणि दुसरे इतके दूर का, याचे कारण ग्रंथाच्या गृहीतकातच आहे. सर्व ग्रह एका दिवसात सारखीच योजने चालतात, असे तेथे मानले आहे. साहजिकच कक्षेची लांबी भगणकालाच्या प्रमाणात ठरते. सूर्याची कक्षा चंद्राच्या कक्षेच्या १३.३७ पट येते, ती नाक्षत्र वर्ष आणि नाक्षत्र मास यांच्या गुणोत्तरामुळे. कोणत्याही वेधामुळे नव्हे. प्राचीनांना सूर्याचे खरे अंतर ठाऊक होते असे विधान अधूनमधून केले जाते. निदान या ग्रंथातील आकडे त्याला आधार देत नाहीत.

तथापि या चुकीमुळे पंचांग अडले नाही, आणि हेच ध्यानात घ्यावयास हवे. ग्रहांची स्थाने आणि तिथी काढण्यासाठी कोन पुरतात. ग्रहणगणितात सूर्याच्या अंतराचा संबंध येतो खरा, परंतु तो अल्प असतो. फलित बरोबर येत असल्यामुळे मूळ गृहीतक तपासण्याची निकड कोणाला भासली नाही. हीच स्थिती टॉलेमीच्या परंपरेचीही होती.

लंबनाची अडचण

दूरच्या वस्तूचे अंतर काढण्याची पद्धत प्राचीन काळापासून माहीत होती. दोन ठिकाणांहून वस्तू पाहिली असता तिच्या दिशेत पडणारा फरक, म्हणजेच लंबन, मोजले की अंतर निघते. चंद्राचे लंबन सुमारे ५७ कला आहे. नुसत्या डोळ्यांनी साधारणपणे एका कलेपर्यंतचा भेद ओळखता येत असल्यामुळे ते मोजता आले. सूर्याचे लंबन अवघे ८.८ विकला, म्हणजे एका कलेच्या सातव्या हिश्शाहून थोडेच अधिक आहे. ते दुर्बिणीशिवाय मोजणे अशक्यच होते. टायको ब्राहेसारखा कुशल वेधकर्ताही तीन कलांचे रूढ मान घेऊन चालला. त्याच्याच मंगळवेधांवरून केप्लरने हे लंबन एका कलेहून अधिक असू शकत नाही असे ठरविले. पुढे १६१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या तिसऱ्या नियमाने ग्रहांच्या अंतरांचे प्रमाण पक्के केले. आता कोणतेही एक अंतर सापडणे पुरेसे होते.

१६७२ मध्ये कॅसिनीने पॅरिसहून आणि रिशेने दक्षिण अमेरिकेतील कायेन येथून मंगळाचे वेध घेतले. त्यावरून कॅसिनीने सूर्याचे लंबन ९.५ विकला, म्हणजेच अंतर सुमारे १४ कोटी किलोमीटर ठरविले. आकडा वास्तवाच्या जवळ असला, तरी वेधांतील संभाव्य चूक मोजावयाच्या राशीच्या तोडीची होती. या यशात सुदैवाचाही वाटा होता, असे म्हणावे लागते.

शुक्राची अधिक्रमणे

याहून खात्रीचा मार्ग १७१६ मध्ये एडमंड हॅलीने सुचविला. शुक्र सूर्यबिंबावरून सरकण्यास लागणारा वेळ पृथ्वीच्या दूरदूरच्या ठिकाणांहून मोजला, तर कोनाऐवजी काळ मोजावा लागतो, आणि काळ अधिक अचूक मोजता येतो. १७४२ मध्ये हॅलीचे निधन झाले. पुढील अधिक्रमणे १७६१ आणि १७६९ ची होती.

फ्रेंच ज्योतिर्विद ल जाँतीय १७६० मध्ये पाँडिचेरीकडे निघाला. तो पोहोचण्यापूर्वीच, जानेवारी १७६१ मध्ये, इंग्रजांनी ते ठाणे घेतले. ६ जूनचे अधिक्रमण त्याने हलत्या जहाजावरून पाहिले. रेखांश निश्चित नसल्याने त्या वेधाचा उपयोग झाला नाही. आठ वर्षे तो पूर्वेकडेच थांबला आणि अखेर पाँडिचेरीत वेधशाळा उभारून बसला. ४ जून १७६९ च्या सकाळी ऐन वेळी आकाश ढगांनी झाकले. १७७१ मध्ये तो मायदेशी परतला, तेव्हा त्याला मृत समजून वारसांनी मालमत्तेच्या वाटण्या आरंभल्या होत्या.

त्याच्या मुक्कामाचे वेगळेच फलित मात्र इतिहासकाराच्या कामाचे आहे. पाँडिचेरीत त्याने एका तमिळ गणकाकडून पारंपरिक ग्रहणगणित समजून घेतले. ३० ऑगस्ट १७६५ च्या चंद्रग्रहणाचा काळ त्या पद्धतीने ४१ सेकंद कमी आला. टोबियास मायरच्या युरोपीय कोष्टकांनी तो ६८ सेकंद अधिक येत होता. ज्याच्या देशाने सूर्याचे अंतर मोजण्यासाठी त्याला अर्ध्या जगापलीकडे धाडले, त्याला तेथे भेटली ती त्या अंतराविना चालणारी आणि तरीही सरस ठरणारी गणितपरंपरा. गणिताची अचूकता आणि रचनेचे ज्ञान या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

हॅलीची अपेक्षाही पूर्णतः सफल झाली नाही. शुक्रबिंब सूर्याच्या कडेपासून सुटताना काळ्या थेंबासारखे ताणलेले दिसे आणि शेजारी बसलेल्या दोन निरीक्षकांच्याही नोंदींत अनेक सेकंदांचे अंतर पडे. १८२४ मध्ये एंकेने सर्व नोंदींचे नव्याने गणित करून ८.५७ विकला हे मान काढले. त्यावरून सूर्य सुमारे १५ कोटी ३४ लाख किलोमीटर दूर ठरला आणि ते मान काही दशके प्रमाण मानले गेले. ९ डिसेंबर १८७४ चे अधिक्रमण भारतातून दिसणार होते. त्यानिमित्त मद्रास वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी यांनी या विषयावर पुस्तिका लिहिली, ही बाब येथील विज्ञानप्रसाराच्या इतिहासात नोंदविण्याजोगी आहे.

विसाव्या शतकात अधिक्रमणांची गरज उरली नाही. इरॉस या लघुग्रहाच्या १९३०-३१ मधील वेधांवरून स्पेन्सर जोन्स यांनी ८.७९० विकला हे मान काढले. १९६१ मध्ये शुक्रावरून परतलेल्या रडार लहरींनी अनिश्चितता आणखी घटविली. ऑगस्ट २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ज्योतिषीय एकक १,४९,५९,७८,७०,७०० मीटर असे व्याख्येनेच निश्चित केले. त्यामुळे हे एकक आता वेधाने मोजावयाचे राहिलेले नाही. पृथ्वी-सूर्य अंतर मात्र दर वर्षी सुमारे १४ कोटी ७१ लाख ते १५ कोटी २१ लाख किलोमीटरांच्या दरम्यान बदलत राहते.